घर खरेदी-विक्रीतील कीड तपासणी

घर खरेदी-विक्रीतील कीड तपासणी ही घराची मालकी एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाण्यापूर्वी त्या वास्तूत लाकूड खाणारे किंवा पोखरणारे कीटक आणि लाकूड कुजवणारी बुरशी शोधण्यासाठी केली जाणारी पाहणी होय. या जीवांचे प्रत्यक्ष अस्तित्व, त्यांनी पूर्वी केलेले नुकसान आणि त्यांच्या वाढीस पोषक ठरणारी परिस्थिती अशा तीन गोष्टींची नोंद या तपासणीत केली जाते. तपासणीचा मुख्य रोख वाळवीवर असल्यामुळे बोलीभाषेत तिला ‘वाळवीची तपासणी’ असेही म्हणतात. झुरळे, ढेकूण, उंदीर यांचा उपद्रव सामान्यतः या तपासणीच्या कक्षेत येत नाही, कारण त्यांच्यामुळे इमारतीच्या सांगाड्याला सहसा धोका पोहोचत नाही.

लाकडी सांगाड्याची घरे मोठ्या संख्येने असलेल्या अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ही तपासणी घराच्या व्यवहाराचा नेहमीचा भाग आहे. फ्रान्समध्ये ठरावीक क्षेत्रांत ती कायद्याने आवश्यक आहे. भारतात अशी तपासणी बंधनकारक नाही. घरातील ज्ञात दोष उघड करण्याचे विक्रेत्याचे कर्तव्य आणि खरेदीदाराने घ्यावयाची दक्षता यांविषयीच्या सर्वसाधारण कायदेशीर तरतुदी येथे लागू होतात.

## पार्श्वभूमी

लाकडातील कीड हा घराच्या दोषांपैकी सर्वांत उशिरा लक्षात येणारा दोष मानला जातो. जमिनीतून येणारी वाळवी प्रकाश आणि कोरडी हवा टाळते. ती लाकडाचा आतला भाग खाते आणि वरचा पातळ थर बहुधा तसाच ठेवते. त्यामुळे चौकट, तुळई किंवा स्कर्टिंग बाहेरून धड दिसत असतानाही आतून पोकळ झालेले असू शकते. रंगकाम, नवे प्लायवूड, वॉलपेपर किंवा फॉल्स सीलिंग यांमुळे उरलीसुरली चिन्हेही झाकली जातात.

घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते आणि ती बहुधा दीर्घ मुदतीच्या कर्जातून केली जाते. नुकसान ताबा घेतल्यानंतर लक्षात आले, तर दुरुस्तीचा खर्च कर्जाच्या हप्त्यांसोबतच सोसावा लागतो. अमेरिकेतील सर्वसाधारण गृहविमा वाळवीने केलेल्या नुकसानीची भरपाई देत नाही, कारण हे नुकसान आकस्मिक नसून देखभालीअभावी हळूहळू झालेले मानले जाते. तारण ठेवलेल्या घराचे मूल्य घटण्याचा धोका कर्ज देणाऱ्या संस्थेलाही असतो. अमेरिकेत ही तपासणी रुळण्यामागे खरेदीदाराच्या सावधगिरीइतकाच कर्जदात्यांचा आग्रहही कारणीभूत आहे.

## तपासले जाणारे जीव

### वाळवी

घरांना उपद्रव देणाऱ्या वाळवीचे व्यवहाराच्या दृष्टीने दोन मुख्य गट मानले जातात.

जमिनीतील वाळवी: हिची वसाहत मातीत असते आणि तिला सतत ओलाव्याची गरज असते. ती माती, लाळ आणि विष्ठा यांपासून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळ्या बांधून जोते व भिंतींवरून लाकडापर्यंत पोहोचते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आढळणारी ‘रेटिक्युलिटर्मिस फ्लॅव्हिपस’ आणि ऑस्ट्रेलियातील ‘कोप्टोटर्मिस ॲसिनॅसिफॉर्मिस’ या जाती याच गटातील आहेत. पूर्व आशियातील ‘कोप्टोटर्मिस फॉर्मोसॅनस’ ही जाती दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाच्या लाकडी खोक्यांतून अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचली, असे मानले जाते. न्यू ऑर्लिन्स शहरातील जुन्या वास्तूंचे तिने मोठे नुकसान केले आहे. भारतात ‘कोप्टोटर्मिस हाइमी’, ‘हेटेरोटर्मिस इंडिकोला’ आणि वारूळ बांधणारी ‘ओडोंटोटर्मिस ओबेसस’ या जाती आढळतात.

कोरड्या लाकडातील वाळवी: हिला मातीशी संपर्क लागत नाही. तिची संपूर्ण वसाहत एखाद्या तुळईत, खिडकीच्या चौकटीत किंवा फर्निचरमध्येही राहू शकते. लाकडाला पाडलेल्या बारीक छिद्रांतून ती सुमारे १ मिलिमीटर लांबीच्या, सहा कडा असलेल्या कठीण लेंड्या बाहेर टाकते. रव्यासारखा दिसणारा त्यांचा लहानसा ढीग हे या वाळवीचे ठळक चिन्ह आहे.

पंख असलेली प्रौढ वाळवी थव्याने बाहेर पडते, तेव्हा ती मुंगीसारखी दिसते. वाळवीच्या शृंगिका सरळ व मण्यांच्या माळेसारख्या असतात, कंबर जाड असते आणि पंखांच्या दोन्ही जोड्या जवळजवळ सारख्या लांबीच्या असतात. पंख असलेल्या मुंगीच्या शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात, कंबर बारीक असते आणि मागचे पंख पुढच्यांपेक्षा आखूड असतात. खिडकीच्या कडेला किंवा दिव्याखाली गळून पडलेल्या पंखांचा खच आढळल्यास जवळपास वाळवीची वसाहत असल्याचा संशय घेतला जातो.

### भुंगेरे

लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या लाकडाच्या आत अनेक महिने, काही जातींत अनेक वर्षेही राहतात. प्रौढ भुंगेरा बाहेर पडताना पृष्ठभागावर छिद्र पाडतो. ‘लिक्टस’ गटातील भुंगेऱ्यांची छिद्रे १ ते २ मिलिमीटरची असून त्यांतून पिठासारखा बारीक भुसा गळतो. हे भुंगेरे रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडातील बाहेरच्या कोवळ्या भागावर, म्हणजे रसकाष्ठावर, वाढतात. सागाच्या पक्व गाभ्याला त्यांचा त्रास होत नाही, परंतु स्वस्त लाकडाच्या रिपा, चौकटी आणि प्लायवूडला होऊ शकतो.

### सुतार मुंग्या आणि सुतार भुंगे

सुतार मुंग्या लाकूड खात नाहीत. ओलसर किंवा आधीच कुजलेल्या लाकडात त्या घरट्यासाठी गुळगुळीत पोकळ्या कोरतात. सुतार भुंगे हे वस्तुतः मधमाशीच्या कुळातील कीटक असून ते रंग न दिलेल्या लाकडाला बोटाएवढी गोल छिद्रे पाडून आत अंडी घालतात. या दोन्हींमुळे होणारे नुकसान वाळवीपेक्षा संथ असते.

### बुरशी

लाकडातील ओलावा दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांपेक्षा अधिक राहिल्यास बुरशी वाढण्याचा धोका निर्माण होतो. बुरशी हा कीटक नसला तरी अनेक ठिकाणी तिची नोंद याच तपासणीत केली जाते, कारण गळके नळ, तुंबलेल्या पन्हाळी आणि हवा न खेळणाऱ्या जागा या कारणांनी बुरशी व वाळवी दोन्हींना वाव मिळतो. युरोपातील थंड व दमट घरांमध्ये ‘सर्पुला लॅक्रिमॅन्स’ ही बुरशी विशेष विध्वंसक समजली जाते.

## तपासणीची पद्धत

तपासणीपूर्वी विक्रेत्याने भिंतीलगतचे सामान हलवावे, माळ्यावर जाण्याचा मार्ग मोकळा करावा आणि पूर्वी झालेल्या कीडनियंत्रणाची कागदपत्रे उपलब्ध करून द्यावीत, अशी अपेक्षा असते. मध्यम आकाराच्या घराच्या पाहणीस साधारणतः एक ते दोन तास लागतात.

पाहणी बहुधा बाहेरून सुरू होते. जोत्याची बाजू, पायऱ्या, लाकडी खांब, कुंपण, झाडांचे बुंधे, भिंतीला लागून रचलेले सरपण आणि पावसाचे पाणी साचण्याच्या जागा पाहिल्या जातात. माती थेट लाकडाला टेकलेली असेल, तर त्याची विशेष नोंद होते. त्यानंतर आतील दारांच्या व खिडक्यांच्या चौकटी, स्कर्टिंग, ओट्याखालची कपाटे, स्नानगृहाच्या भिंतींची मागील बाजू, जिने, माळा आणि छपराचे वासे तपासले जातात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील अनेक घरांत लाकडी जमिनीखाली माणूस सरपटत जाऊ शकेल एवढी पोकळी असते. वाळवीच्या नळ्या अनेकदा याच ठिकाणी प्रथम दिसतात.

तपासणीची साधने साधी असतात:

- प्रखर विजेरी: भिंतीला समांतर प्रकाश टाकल्यास रंगाखालचे फुगवटे आणि उंचसखलपणा उठून दिसतो.
- स्क्रूड्रायव्हर किंवा टोच्या: लाकडाच्या पृष्ठभागावर ठोकून आवाज ऐकला जातो. पोकळ लाकडाचा आवाज बद्द येतो. संशयास्पद जागी टोकाने हलके दाबले जाते.
- आर्द्रतामापक: भिंतीतील व लाकडातील ओलावा मोजतो. अचानक वाढलेला ओलावा हे गळतीचे किंवा वाळवीच्या वावराचे लक्षण असू शकते.
- उष्णताचित्रण कॅमेरा: पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दाखवतो. तो कीटक दाखवत नाही. ज्या जागी अधिक बारकाईने पाहायला हवे त्या जागा तो सुचवतो.

काही देशांत सूक्ष्मलहरींवर चालणारी हालचालदर्शक उपकरणे आणि वाळवीच्या वासावर शिकवलेली कुत्रीही वापरली जातात. मात्र भिंत फोडणे, फरशी उखडणे किंवा स्थिर फर्निचर काढणे हे नेहमीच्या तपासणीचा भाग नसते. असे करण्यासाठी घरमालकाची स्वतंत्र संमती लागते.

## अहवाल

तपासणीचे फलित लेखी अहवालाच्या रूपात दिले जाते. चांगल्या अहवालात घराचा आराखडा असतो आणि त्यावर प्रत्येक निष्कर्षाची जागा दाखवलेली असते. अहवालात सामान्यतः पुढील बाबी असतात:

1. दिसलेला पुरावा: जिवंत कीटक, मृत कीटक, गळालेले पंख, मातीच्या नळ्या, भुसा, लेंड्या किंवा बाहेर पडण्याची छिद्रे.
2. दिसलेले नुकसान: पोखरलेले अथवा कुजलेले भाग आणि त्यांची जागा.
3. पूर्वीच्या उपचारांच्या खुणा: फरशीतील बुजवलेली छिद्रे, आमिषपेट्या, उपचाराच्या नोंदीचे फलक.
4. पोषक परिस्थिती: मातीला टेकलेले लाकूड, गळती, अपुरे वायुवीजन, जोत्याकडे उतरती जमीन.
5. न पाहता आलेल्या जागा: बंद खोल्या, सामानाने भरलेला माळा, झाकलेल्या भिंती आणि त्या पाहता न येण्याची कारणे.

यांपैकी पाचवी बाब वाचकांकडून सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. ‘कीड आढळली नाही’ या वाक्याचा अर्थ ‘पाहता आलेल्या भागात, पाहणीच्या दिवशी कीड दिसली नाही’ एवढाच असतो. न पाहता आलेल्या जागांची यादी मोठी असेल, तर त्या निष्कर्षाचे वजन तेवढ्या प्रमाणात कमी होते.

जुने नुकसान आणि चालू प्रादुर्भाव यांतील फरकही महत्त्वाचा असतो. कोरडी, ठिसूळ झालेली नळी अनेक वर्षांपूर्वीची असू शकते. नळीचा छोटा भाग मोडून ठेवल्यावर काही दिवसांत तो पुन्हा बांधला गेला, तर वसाहत जिवंत असल्याचे सिद्ध होते. उलट नळी पुन्हा बांधली गेली नाही, तरी वाळवी नाहीशी झाली असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण ती दुसरा मार्ग वापरत असू शकते.

## विविध देशांतील व्यवस्था

### अमेरिका

अमेरिकेत संपूर्ण देशाला लागू असा तपासणीचा एकच कायदा नाही. राज्यांचे परवाना-नियम, कर्जदात्यांच्या अटी आणि खरेदी करारातील कलमे यांतून ही पद्धत घडली आहे. अनेक राज्यांत राष्ट्रीय कीड व्यवस्थापन संघटनेने तयार केलेला ‘एनपीएमए-३३’ हा नमुना वापरला जातो. तो लाकूडनाशक कीटकांपुरता मर्यादित आहे. फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांचे स्वतःचे अधिकृत नमुने आहेत. फ्लोरिडाच्या नमुन्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचाही समावेश होतो.

माजी सैनिकांसाठीच्या शासकीय हमीच्या गृहकर्जात वाळवीचा धोका अधिक असलेल्या प्रदेशांत ही तपासणी आवश्यक ठरते. बहुतेक राज्यांत पूर्वी तपासणीचे शुल्क कर्जदार माजी सैनिकाकडून घेण्यास मनाई होती आणि ते विक्रेत्याला भरावे लागे. कर्जदाराचे संरक्षण हा या नियमाचा हेतू होता. मात्र घरांना मोठी मागणी असलेल्या बाजारात या अटीमुळे विक्रेते अशा खरेदीदारांचे प्रस्ताव टाळतात, अशी तक्रार होऊ लागली. २०२२ मध्ये नियम बदलून माजी सैनिकांना हे शुल्क स्वतः भरण्याची मुभा देण्यात आली.

कॅलिफोर्नियातील व्यवस्था विशेष तपशीलवार आहे. तेथे १९३५ पासून वास्तू-कीडनियंत्रणाचे स्वतंत्र राज्य मंडळ आहे आणि तपासणी करणाऱ्या व्यक्तीकडे लाकूडनाशक जीवांच्या शाखेचा परवाना असावा लागतो. मागणी केल्यास अहवालातील निष्कर्ष विभागून दिले जातात. पहिल्या विभागात दृश्य प्रादुर्भाव, बुरशी आणि त्यांमुळे झालेले नुकसान येते. दुसऱ्या विभागात अद्याप प्रादुर्भाव दिसत नसला तरी पुढे तो होण्यास कारण ठरू शकेल अशी परिस्थिती येते. पोहोचता न आलेल्या जागांसाठी ‘पुढील तपासणीची शिफारस’ स्वतंत्रपणे नोंदवली जाते. वाटाघाटीत या विभागणीला महत्त्व येते. पहिल्या विभागातील कामाचा खर्च विक्रेत्याने आणि दुसऱ्या विभागातील कामाचा खर्च खरेदीदाराने करावा, असे अनेक करारांत ठरते. हे वाटप कायद्याने ठरलेले नसून पक्षांच्या सहमतीवर अवलंबून असते. प्रत्येक तपासणीची नोंद संबंधित संस्थेने मंडळाकडे करावी लागते. मागील दोन वर्षांत एखाद्या पत्त्यावर झालेल्या तपासण्यांची माहिती कोणालाही मागवता येते. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेला एकच अनुकूल अहवाल आधीच्या अहवालांशी ताडून पाहता येतो.

### ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियात ‘इमारत व कीड तपासणी’ बहुधा एकत्र केली जाते. तपासणीसाठी ‘एएस ४३४९.३’ आणि वाळवी व्यवस्थापनासाठी ‘एएस ३६६०’ ही राष्ट्रीय मानके वापरली जातात. घराची वाळवीसाठी किमान वर्षातून एकदा तपासणी व्हावी, अशी शिफारस केली जाते. बांधकामाच्या वेळी किंवा नंतर केलेल्या उपचाराची माहिती देणारा टिकाऊ फलक वीजमीटरच्या पेटीत लावण्याची पद्धत आहे. खरेदीदाराच्या तपासनिसाला घराचा पूर्वेतिहास त्यावरून कळतो. देशाच्या उत्तर भागात ‘मास्टोटर्मिस डार्विनिएन्सिस’ ही अत्यंत विध्वंसक जाती आढळते, तर टास्मानियात वाळवीचा धोका फार कमी आहे. धोक्यातील या तफावतीमुळे तपासणीचे महत्त्वही प्रदेशानुसार बदलते.

बहुतेक राज्यांत तपासणी करून घेण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. तपासणी समाधानकारक ठरली तरच करार कायम राहील, असे कलम करारात घालण्याची पद्धत आहे. कॅनबेरा ज्यात वसले आहे त्या ऑस्ट्रेलियन राजधानी प्रदेशात मात्र निराळी व्यवस्था आहे. २००३ च्या निवासी मालमत्ता विक्री कायद्यानुसार तेथे विक्रेत्यालाच इमारतीचा व किडीचा अहवाल आधी मिळवून इच्छुकांना उपलब्ध करून द्यावा लागतो. व्यवहार पूर्ण होताना खरेदीदार त्याचा खर्च विक्रेत्याला परत देतो. एकाच घरासाठी प्रत्येक इच्छुकाने वेगळी तपासणी करून घेण्याची गरज यामुळे कमी होते.

### फ्रान्स

फ्रान्समध्ये ८ जून १९९९ च्या कायद्याने वाळवीविषयक संरक्षण लागू झाले. ज्या क्षेत्रांत वाळवी आढळते किंवा लवकरच पसरण्याचा संभव असतो, ती क्षेत्रे प्रांताधिकारी आदेशाद्वारे जाहीर करतात. अशा क्षेत्रातील घर विकताना वाळवीच्या स्थितीचा अहवाल विक्रीच्या कागदपत्रांना जोडावा लागतो आणि तो ६ महिन्यांपेक्षा जुना असून चालत नाही. अहवाल न जोडल्यास, छुप्या दोषांची जबाबदारी आपल्यावर नाही अशा करारातील कलमाचा आधार विक्रेत्याला घेता येत नाही. तपासणी करणारी व्यक्ती प्रमाणित असावी लागते. दुरुस्ती किंवा कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या संस्थेशी तिचे निःपक्षपातीपणाला बाधा आणणारे संबंध असता कामा नयेत. इमारतीत वाळवी आढळल्यास रहिवाशाने अथवा मालकाने नगर प्रशासनाला कळवणे आवश्यक आहे. शेजारच्या घरांना वेळीच सावध करणे हा त्यामागील हेतू आहे.

### भारत

भारतात घराच्या पुनर्विक्रीपूर्वी कीड तपासणी करण्याची कायदेशीर सक्ती नाही. गृहकर्ज देणाऱ्या बँका मालकी हक्काचा शोध अहवाल आणि मालमत्तेचे मूल्यांकन मागवतात. लाकडातील किडीची स्वतंत्र तपासणी सामान्यतः त्यांत येत नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५(१)(अ) नुसार, विरुद्ध करार नसल्यास, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण दक्षता घेऊनही खरेदीदाराला शोधता आला नसता, तो उघड करण्यास विक्रेता बांधील असतो. असा दोष लपवणे हे याच कलमानुसार कपट समजले जाते. या तरतुदीला दोन मर्यादा आहेत. विक्रेत्याला दोष खरोखर माहीत होता हे दाखवावे लागते आणि साधारण दक्षतेने तो दिसला नसता हेही पटवावे लागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ मध्येही खरेदीदाराने साधारण मेहनतीने सत्य शोधता येत होते का, हा प्रश्न कपटपूर्ण मौनाच्या बाबतीत निर्णायक ठरतो. चौकटीवर उघडपणे दिसणारी मातीची नळी आणि नव्या प्लायवूडमागे दडवलेली पोखरलेली तुळई यांत त्यामुळे फरक पडतो. खरेदीपूर्वी केलेल्या तपासणीचा लेखी अहवाल खरेदीदाराने दक्षता घेतल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो.

नव्या इमारतींच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ लागू होतो. त्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील दोष किंवा कारागिरी, दर्जा व सेवा यांतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावयाची असते. वाळवीचा उल्लेख या कलमात स्वतंत्रपणे नाही. एखादा प्रादुर्भाव अशा दोषात मोडतो की नाही, हे त्या प्रकरणाच्या तथ्यांवर ठरते.

वाळवीपासून इमारतींचे संरक्षण करण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ६३१३’ हे तीन भागांतील मानक आहे. पहिला भाग बांधकामातील उपायांविषयी, दुसरा बांधकामपूर्व रासायनिक उपचाराविषयी आणि तिसरा उभ्या इमारतींच्या उपचाराविषयी आहे. कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्या संस्थेला कीटकनाशक अधिनियम, १९६८ खाली परवाना घ्यावा लागतो.

#### महाराष्ट्र

कोकणातील कौलारू घरे, जुने वाडे आणि मुंबईतील लाकडी तुळयांच्या जुन्या चाळी यांत लाकडाचा वापर मोठा असल्याने वाळवी व भुंगेऱ्यांचा धोका थेट सांगाड्याला असतो. अशा घरांत भिंतीत गाडलेली वाशांची व तुळयांची टोके विशेष तपासावी लागतात, कारण पावसाळ्यातील ओल तेथेच प्रथम मुरते. काँक्रीटच्या इमारतीतील सदनिकांमध्ये सांगाडा सुरक्षित असला तरी दारांच्या चौकटी, भिंतीतील कपाटे, स्वयंपाकघरातील ट्रॉलीची चौकट आणि पलंगाचे बॉक्स यांना वाळवी लागते. वरच्या मजल्यांवरील सदनिका यातून सुटतात हा समज चुकीचा आहे. जलवाहिन्यांच्या व वीजतारांच्या उभ्या पोकळ्यांतून वाळवी अनेक मजले चढू शकते. पहिल्या पावसानंतर पंख असलेली वाळवी बाहेर पडते आणि भिंतींची ओल व गळतीही याच काळात उघड होते. त्यामुळे उन्हाळ्यात पाहिलेले घर पावसाळ्यात पुन्हा पाहण्याचा उपयोग होतो.

पुनर्विक्रीच्या व्यवहारात तपासणीसाठी साठेखतापूर्वीचा काळ सर्वांत सोयीचा असतो. मोठी इसार रक्कम देऊन झाल्यावर दोष आढळल्यास किंमत कमी करून घेणे किंवा माघार घेणे अवघड होते. फर्निचरसह घर घेताना फर्निचरची किंमत वेगळी ठरली असल्यास त्याच्या मागील बाजूचीही पाहणी करणे इष्ट ठरते.

## व्यवहारावरील परिणाम

तपासणीत कीड आढळल्याने व्यवहार मोडतोच असे नाही. अशा वेळी पक्षांसमोर सामान्यतः चार पर्याय असतात: ताब्यापूर्वी विक्रेत्याने उपचार व दुरुस्ती करून देणे, त्या खर्चाएवढी किंमत कमी करणे, कामासाठीची रक्कम काम पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे राखून ठेवणे किंवा करारातील कलमानुसार माघार घेणे. उपचाराचा खर्च आणि पोखरलेले लाकूड बदलण्याचा खर्च वेगवेगळे असतात. दुसरा खर्च बहुधा मोठा असल्याने त्याचा अंदाज स्थापत्य अभियंत्याकडून किंवा सुताराकडून स्वतंत्रपणे घेतला जातो.

काही विक्रेते घर बाजारात आणण्यापूर्वीच तपासणी करून घेतात. त्यामुळे दुरुस्ती सवडीने व स्पर्धात्मक दराने करता येते आणि अखेरच्या टप्प्यातील वाटाघाटी टळतात. मात्र दोष एकदा कळल्यावर तो उघड करण्याचे कर्तव्यही विक्रेत्यावर येते.

## आढळलेल्या किडीवरील उपचार

उपचाराची निवड जीवाच्या प्रकारावर अवलंबून असते. जमिनीतील वाळवीसाठी पायाभोवतीच्या मातीत कीटकनाशकाचा सलग अडसर निर्माण केला जातो. उभ्या इमारतीत त्यासाठी भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून द्रावण भरतात व ती बुजवतात. दुसऱ्या पद्धतीत जमिनीत आमिषपेट्या पुरल्या जातात. कामकरी वाळवी त्यांतील संथ परिणाम करणारे रसायन वसाहतीत पसरवते. कोरड्या लाकडातील वाळवी घरभर पसरली असल्यास कॅलिफोर्निया व फ्लोरिडात संपूर्ण घर ताडपत्रीने झाकून सल्फ्युरिल फ्लोराइड वायूने धूम्रीकरण करतात. या वायूचा प्रभाव नंतर उरत नसल्याने पुन्हा प्रादुर्भाव होऊ शकतो.

पूर्वी वाळवीसाठी क्लोर्डेन हे दीर्घकाळ टिकणारे रसायन मोठ्या प्रमाणात वापरले जात असे. आरोग्यविषयक धोक्यांमुळे अमेरिकेत १९८८ मध्ये त्याचा वापर थांबला. त्यापूर्वीच्या उपचाराचा प्रभाव कायम आहे असे गृहीत धरून तपासणी टाळणे योग्य मानले जात नाही.

## मर्यादा आणि टीका

ही तपासणी प्रामुख्याने नजरेने केली जाते आणि ती एका दिवसापुरती असते. तपासणीनंतर काही आठवड्यांतच नवा प्रादुर्भाव होऊ शकतो. अहवालांची ग्राह्यता काही महिन्यांपुरती मर्यादित ठेवण्याचे हेच कारण आहे. अहवाल म्हणजे हमी नव्हे. उपचारानंतर मिळणारी हमी हा वेगळा करार असतो. तिच्यात केवळ पुन्हा फवारणीचे आश्वासन आहे की नुकसानीची दुरुस्तीही समाविष्ट आहे, आणि घर विकल्यास ती नव्या मालकाकडे जाते का, हे मुद्दे महत्त्वाचे असतात.

हितसंबंधांचा संघर्ष ही या व्यवसायावरील प्रमुख टीका आहे. अमेरिकेत आणि भारतात बहुधा तपासणी करणारी संस्थाच उपचारही विकते. त्यामुळे गरज नसलेले काम सुचवले जाण्याची शक्यता असते. विनामूल्य तपासणीच्या बाबतीत हा आक्षेप अधिक घेतला जातो, कारण अशा संस्थेचे उत्पन्न उपचारातूनच येते. याच्या विरुद्ध दिशेचा दबावही असतो. व्यवहार लवकर पूर्ण व्हावा अशी विक्रेता व दलाल यांची इच्छा असते आणि त्यांनी नेमलेला तपासनीस सौम्य अहवाल देण्याकडे झुकू शकतो. फ्रान्सने तपासणी आणि उपचार यांची फारकत करून, तर कॅलिफोर्नियाने तपासण्यांची सार्वजनिक नोंद ठेवून या प्रश्नावर उपाय शोधला आहे. जेथे असे नियम नाहीत तेथे खरेदीदाराने स्वतः नेमलेल्या आणि केवळ तपासणीचे शुल्क घेणाऱ्या व्यक्तीचा अहवाल अधिक विश्वसनीय मानला जातो.

## हेही पहा

- वाळवी
- धूम्रीकरण
- मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२
- स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६